कोटिंग माझंच

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
आजपासून संताप बंद. पुण्याचे रॉकेट-इंधनवाले पाहुणे सहा तारखेला आपल्या कॉलेजात येणार. प्रोजेक्टचा प्रमुख तेच नेमणार, म्हणजे मलाच. इंधनाला ऑक्सिजन पुरवणारे दाणे ओल पितात, पावसाळ्यातल्या गुळासारखे गच्च होतात, मग इंधनाची कांडी धड जळत नाही. दाण्यांवर पातळ कोटिंग दिलं की प्रश्न मिटला. आयडिया माझी. म्हणजे मांडली दानेश्वरीनं, माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीनं. पण हो कोण म्हणालं? मीच की!

२६ सप्टेंबर
प्रोजेक्टच्या पोस्टरवरून दानेश्वरीचं नाव काढलं. माझा फोटो मोठा घेतल्यावर जागाच उरली नाही. तिनंच ते भिंतीला चिकटवलं. समजूतदार पोरगी. वर्षानुवर्षं राबली, अनुभव मिळाला. आणखी काय पाहिजे? सात रस्ता चौकातल्या शिंप्याकडे ब्लेझर शिवायला टाकला.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.
लॅबमध्ये पूजा. वजनकाटा, ओव्हन, सगळ्यांना हळदकुंकू. दाण्यांच्या बरणीचं झाकणही काढलं. देवाचं पाणी आत नको का जायला? दानेश्वरी ओरडली, सर, कोटिंग अजून वाळलं नाही, पाणी नको. सगळ्यांदेखत झापलं तिला. अक्कलकोटची ना तू, एवढी श्रद्धा नाही? आंब्याच्या पानानं चांगलं भरपूर शिंपडलं. ती रडली. त्याच दाण्यांची दुसरी बरणी मात्र कपाटात कोंडून ठेवली, पूजेला दिलीच नाही. लई हट्टी!
मी संतापलो नाही. आवाज जरा चढला, इतकंच.

६ ऑक्टोबर, सोमवार
पूजेच्या बरणीतल्या दाण्यांची कांडी फुसफुसली आणि विझली. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. नशीब, डोकं वेळेवर चाललं. खणखणीत सांगितलं, हे कोटिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत दानेश्वरीचं, माझं बोटसुद्धा लागलेलं नाही. वाचलो.
मग तिनं कपाट उघडलं. दुसऱ्या बरणीतल्या दाण्यांची कांडी तिनं करूनच ठेवली होती. इतकी सरळ, एकसारखी जळली की पाहुणे खुर्च्यांवरून उठले. पाहुण्यांतल्या थोरल्या साहेबांनी मला परत विचारलं, हे सगळं काम हिचंच ना? आता नाही कसं म्हणणार?

८ ऑक्टोबर
प्रोजेक्ट पुण्याला गेला, सोबत दानेश्वरी, प्रमुख म्हणून. बायकोला, वैजयंतीला सांगितलं, प्रमुखपद मीच नाकारलं. ती म्हणाली, बरं केलंत, तसंही तुम्हाला त्यातलं काय कळतंय.
संध्याकाळी दानेश्वरीचा फोन. पेपर लिहितेय. शेवटी आभारात माझं नाव घालू का, विचारत होती. म्हटलं, आली ताळ्यावर. मोठ्या मनानं म्हणालो, तुला मनापासून वाटत असेल तरच घाल.
बरं सर, मग नको, म्हणाली.