चौघांत तीन गोल

सोमवार, ४ मार्च

तीन! दोनदा मोजले. तीनच!

ताईचं ड्रॉइंग आज आलं. ऑफिसच्या नव्या ॲपमधलं ‘आपली टीम’ हे पान. नेट हळू असलं की खरे फोटो येईपर्यंत त्यांच्या जागी राखाडी गोल दाखवायचे, एवढंच काम. पण टीममध्ये आम्ही चौघं — साहेब, ड्रॉइंग काढणारी सीनियर ताई, चुका शोधतो म्हणून ज्याला आम्ही दुर्बीण म्हणतो तो आणि ड्रॉइंगवरून पान बांधणारी मी. मग गोल तीन कसे? जेवढं येणार तेवढीच जागा धरायची, नाहीतर पान उडी मारतं, हे मला हिनेच शिकवलं. एकदा मी एक रेघ जास्त काढली तर केवढी बोलली होती!

मुलीच्या वेळी दोन वर्षं घरी बसले. नंतर कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा ताईनेच इथे चिकटवलं. ती गोल मोजायला चुकेल? शक्यच नाही.

मंगळवार, ५ मार्च

विचारलं. अगदी सहज, बाटली भरता भरता. “गोल तीनच ना गं?”

“हो. पुढच्या महिन्यात पान सुरू होईल तेव्हा तीनच.” आणि मान फिरवली.

म्हणजे चूक नाही. ठरलेलं आहे!

बुधवार, ६ मार्च

नवऱ्याला सांगितलं. हसत सुटला. “नोकरी जाणार हे गोलांवरून कळलं? मग माझ्या बढतीचंही बघ जरा.” हसू दे मेल्याला. त्याची नोकरी थोडीच जातेय.

शुक्रवार, ८ मार्च

साहेबांच्या केबिनचं दार आज पुन्हा बंद. ताई आत, चांगला अर्धा तास. मी काहीतरी निमित्त काढून आत गेले तर दोघं चिडीचूप! आणि जागेवर असली की बाई स्क्रीनला नाक लावून बसते. मागून कुणी गेलं की दचकते. एवढं काय लपवते?

दुर्बीणला खोदून पाहिलं. “मला ॲपमधलं विचार, माणसांमधलं नको,” म्हणाला. हाही सामील!

सोमवार, ११ मार्च

आज कहर झाला. ताई म्हणते, “उद्यापासून रोज तासभर माझ्याजवळ बस. ड्रॉइंग शिकून घे.” का म्हणून? हाकलायच्या आधी दोघींचं काम माझ्याकडून उपसून घ्यायचं?

“मला वेळ नाही,” म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे.

मंगळवार, १२ मार्च

गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. सरळ साहेबांकडे गेले. म्हटलं, ताईची कामं हल्ली उशिरा येतात, रेघा वाकड्या असतात, राखाडी रंग तर इतका गडद की पानावर डांबर ओतलंय असं वाटतं. सगळं मी निस्तरते.

साहेबांनी चष्मा काढला. “लेखी देशील?”

दिलं! चांगलं पानभर. खरं तर तो रंग फिका करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ते नाही लिहिलं. सही करताना कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू? पण मला ही नोकरी हवी आहे. ‘तुझं काय, तू घरीच असतेस’ हे पुन्हा ऐकायचं नाही मला. कुणाकडूनच नाही.

बुधवार, १३ मार्च

आज ताईने चहाला हाक मारली नाही.

शुक्रवार, १५ मार्च

ताई जातेय. तिचे डोळे अधू होत चाललेत, हे साहेबांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. तिसरा गोल माझाच होता.

नंतर साहेबांना एकटं गाठून पत्राचं विचारलं. म्हणाले, “तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही. पण तिला वाचता येईना. मग मीच मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. आणि म्हणाली, माझ्या जागी हिलाच घ्या.”