वाटेवरची काच

रविवार, ८ फेब्रुवारी

गेला! कड्याच्या टोकावरचा पहिला व्हिला गेला. हर्षदभाईंनी टोकन दिलं, आणि दर्शन सरांनी — माझे साहेब, कौतुक म्हणून कधी ‘बरं’ सुद्धा म्हणत नाहीत — पावसहून पेढे मागवले.

हर्षदभाई वाळकेश्वरचे. अलिबागला त्यांचं एक घर आहेच. "पण तिथे आता शनिवारी माझ्याच बिल्डिंगमधली माणसं भेटतात हो मृणालीबेन, मग जायचं कशाला!" म्हणून रत्नागिरी. विमानतळ होईल तेव्हा होईल, समुद्र मात्र आत्ता आहे.

सगळं छान चाललं होतं. गच्चीवर उभे राहून ते समुद्र बघत होते आणि नेमकी चिमाकाकी खालून वाटेने वर आली. डोक्यावर कालवांची पाटी, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली. येता येता मला हाक — "काय गो मृणाली, गिऱ्हाईक काय?" मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. हर्षदभाई म्हणाले, "इथून लोक जातात?"

दर्शन सर म्हणाले, "ती वाट तात्पुरती आहे."

तात्पुरती! माझ्या पणजीच्या आधीपासूनची वाट. मी तिथेच उभी होते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पेढा बाबांनी खाल्ला नाही. "दात दुखतोय" म्हणाले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज तीन पार्ट्या आल्या. पूर्वी लोक विचारायचे, पाणी आहे का, लाईट जाते का, बाजार किती लांब. आता पाण्याचं कोणी विचारत नाही, तरणतलाव धरूनच चालतात. आता विचारतात, शेजारी दिसेल का? कोणाचा आवाज येईल का? एका बाईंनी तर विचारलं, कोंबडे आरवतात का इथे! आरवतात म्हटलं. आमच्या घरचाच आरवतो.

दर्शन सरांचं भाषण मला पाठ झालंय — "लक्झरी म्हणजे संगमरवर नाही मृणाली, तो जमाना गेला. लक्झरी म्हणजे समोर कोणी नसणं." थोडक्यात, माझं काम काय, तर आपलीच माणसं दिसणार नाहीत याची हमी देणं. पगार चांगला आहे. बाबांची आंब्याची कलमं मोहोर गाळतात त्या वर्षी घर माझ्यावर चालतं. हे लिहून ठेवते, कारण आज स्वतःचा राग येतोय.

रविवार, १५ फेब्रुवारी

सरांना सरळ विचारलं. म्हटलं, सर, वाटेचं काय?

"भिंत नाही घालत आपण. काच आहे. नजर आरपार जाते."

"माणूस जात नाही ना पण."

"रोडने जाऊ दे की! अर्धा तास जास्त लागेल."

सडा, म्हणजे हा कड्यावरचा कातळमाळ, विकायचा ठरला तेव्हाची देवळातली सभा मला जशीच्या तशी आठवते. जमीन ज्यांची होती ते सगळे मुंबईला, त्यांची हरकत नव्हती. हरकत वाडीची होती, ती फक्त वाटेवरून. खडकांवरची कालवं काढायला जायचं ते याच वाटेने, आणि शिमग्यात देवीची पालखी समुद्राला भेटायला उतरते ती याच वाटेने. तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, वाट बंद होणार नाही, माझा शब्द. दर्शन सरांनी मला शब्द दिला होता, तो मी पुढे दिला. लोकांनी माझ्याकडे बघितलंच नाही! बाबांकडे बघितलं. काशीरामची पोर म्हणते म्हणजे झालं.

सरांना याची आठवण दिली तर म्हणाले, "तेव्हा व्हिला नंबर एक विकला गेला नव्हता."

बुधवार, १८ फेब्रुवारी

काच आली. कोल्हापूरवरून, पालीमार्गे, मोठ्या ट्रकमधून. वाडीतली सगळी पोरं बघायला धावली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

बसवली सुद्धा. गच्चीच्या खालून कड्याच्या टोकापर्यंत सरळ. वाट तिच्यापाशी येऊन अडते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते, दिसते सगळी. एक कावळा येऊन आपटला.

चिमाकाकी दारात आली. आत ये म्हटलं तर येईना. "तुजा शबुद हुता ना गो? शबुद तुजा, आनि काच त्येंची?" एवढंच बोलून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबा ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. ऐकलं सगळं. माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हटलं, बाबा, मला फसवलं हो. म्हणाले, "तुला फसवलानी. तू आमाला." आणि पुन्हा सुपारी हातात घेतली.

खूप रडले आज.

सोमवार, २३ फेब्रुवारी

राजीनामा लिहिला, पाठवला नाही. गेले तर काच राहणारच. वर घरात दोन पगार नाहीत, एकच आहे. भित्री आहे मी.

बुधवार, २५ फेब्रुवारी

ऐकावं ते नवलच! सरांना पालखी हवी आहे. शिमग्यात पालखी घरोघरी जाते, मग आमच्या व्हिलांवर का नको? नवी गिऱ्हाइकं बोलवायची, मांडव घालायचा, वर थंड सोलकढी. "ते नारळ शोधतात ना पालखी घेऊन? तेच हवंय. आपल्या लॉनवर."

त्यांना ही माहिती कोणी दिली? मीच. नोकरीला लागले तेव्हा कौतुकाने सांगितलं होतं — कोणीतरी कुठेतरी नारळ पुरून ठेवतो, खूण म्हणतात त्याला. पालखी खांद्यावर घेऊन दोघे नाचत नाचत निघतात आणि बरोबर त्याच जागी जाऊन पालखी टेकते. हेही सांगितलं होतं की पुढचा खांदा आमच्या बाबांचा असतो आणि बाबांच्या खांद्यावर नारळ कधी चुकलेला नाही. फुशारकी मारायची हौस!

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, कसं कळतं हो तुम्हाला? म्हणाले, "मला कुठं कळतंय? वढ लागते. दांडी खांदा वढते, पाय मागनं जातात." बाबा बोटीवर होते, जग फिरून आले, देवधर्माचं अवडंबर त्यांना नाही. पण या एका गोष्टीची थट्टा त्यांच्यासमोर कोणी करू शकत नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

देवळात सभा झाली. मी गेले नाही, तोंड नाही मला. आई सांगत होती — पोरं म्हणाली, त्यांच्या दारात पालखी न्यायचीच नाही. गंगाराम गुरव म्हणाला, देवी कुणाचं घर टाळत नाय. मग बाबा म्हणाले, "जायाचं."

फक्त एवढंच. पोरं चिडली. एक जण म्हणाला म्हणे, "काका, पोरीची नोकरी हाय म्हनून काय?" बाबा उठून घरी आले.

मला वाटतं माझ्यासाठीच हो म्हणाले. नको होतं म्हणायला. माझ्यापायी त्यांनी मान खाली घालून त्या लॉनवर नाचायचं! मला ते बघवणार नाही.

मंगळवार, ३ मार्च

होळी. देवीला रूपं लागली. चांदीचे मुखवटे यंदा उजळून आणलेत, डोळे दिपतात. बाबा आज पालखीखाली गेले तेव्हा आमच्याकडे बघितलं नाही. एरवी बघतात. आईलाही ते खटकलं.

शनिवार, ७ मार्च

उद्या पालखी आमच्याकडे, म्हणजे व्हिलांवर. सरांनी नारळ स्वतः पुरला, मांडवाच्या बरोबर समोर, फोटोग्राफरला सोयीचं पडेल असा. वर हिरवळीचा तुकडा चोपून बसवला. मला जागा दाखवली आणि डोळा मारला. "वडिलांना सांगू नकोस हं!"

सांगणार होते, असं वाटलं की काय यांना? माझ्या बाबांना सांगावं लागत नाही.

पोरांच्या मनात काय आहे कोण जाणे. काच फोडली तर? पोलीस आले तर?

रविवार, ८ मार्च

आत्ताच्या आत्ता लिहून टाकते.

उन्हाच्या तडाख्यात पालखी आली. ढोल, ताशे, सगळी वाडी मागे. गिऱ्हाइकं मांडवात फोन वर करून उभी. हर्षदभाई सहकुटुंब गच्चीवर. पोरं काचेकडे बघत होती आणि मी पोरांच्या हातांकडे. बायका माझ्या बाजूला उभ्या राहिल्या नाहीत.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. ‘व्हय म्हाराजा’ झालं. पुढे बाबा, मागे स्वरूप — शेजारचा, तरणाताठा. पालखी उठली, लॉनवर आली. बाबांनी दोन वेढे घेतले आणि मांडवासमोर अगदी नारळाच्या अंगावर येऊन थबकले. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. सर हसले. मी मनात म्हटलं, झालं, टेकवतील आता.

टेकवली नाही!

बाबा वळले. वळले म्हणजे — कसं लिहू — जोरात वारं असताना माणूस चालतो तसे वाकून, एकेक पाऊल रोवत निघाले. घामाने निथळत होते. दोनदा पालखी मांडवाकडे हेलकावली, दोनदा त्यांनी सावरली. स्वरूपचे पाय मागे फरपटत होते. आणि सरळ काचेपाशी. दांडीचं टोक काचेला टेकलं — टक्क! — आणि बाबा थांबले.

ढोल थांबले. कोणी हलेना. बाबांनी डोळे मिटले होते. पालखीच्या पुढे काच, काचेच्या पलीकडे वाट, वाटेच्या खाली समुद्र. रूपांवरचं ऊन काचेत दुप्पट होऊन परत येत होतं. सर माझ्याजवळ येऊन दात आवळून म्हणाले, "सांग त्यांना मागे फिरायला." मी म्हटलं, सर, हे माझ्या हातात नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी असं बोलले.

कितीतरी वेळ तसंच. बाबांचे गुडघे लटपटायला लागले, तरी कोणाला खांदा देईनात. आई पदर तोंडात धरून उभी. मला वाटलं, इथेच कोसळणार आता. मी नवस बोलले, काय बोलले ते आठवत नाही.

शेवटी हर्षदभाई खाली आले. चप्पल काढून, हात जोडून, उन्हाने पाय पोळत असताना. "माताजीला काय पाहिजे?" त्यांनी गुरवाला विचारलं. गंगाराम म्हणाला, "तिला समुद्रावर जायाचं हाय. तिची वाट हाय ही. तुमी अडवलीत."

हर्षदभाईंनी काचेकडे बघितलं, मग सरांकडे. "काढा."

"सर, आपल्या प्रायव्हसीचा..."

"काढा म्हणतो ना! माझ्या दारात देव ताटकळत उभा आहे!"

बोल्ट काढेपर्यंत बाबा जागचे हलले नाहीत. एक काच बाजूला झाली आणि पालखी वाटेला लागली. जो काही ओरडा झाला! चिमाकाकी मला ओढून घेऊन रडली. मीही. समुद्रावर जाऊन आलो सगळे. नारळ राहिला तिथेच.

मंगळवार, १० मार्च

सर म्हणाले, "तुझ्या वडिलांनी नाटक छान केलं. तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

माझं डोकं फिरलं. मी सगळ्या ऑफिससमोर म्हणाले — माझे बाबा देवीशी खोटं वागणार नाहीत. प्राण गेला तरी नाही. देवीशप्पथ! सगळ्या काचा कालच निघाल्या आहेत.

शनिवार, १४ मार्च

आता हसावं की रडावं! मुंबईत बातमी पसरली. वाटेला लागून असलेले व्हिला आता आधी मागतात. जे कोपऱ्यातले म्हणून कोणी घेत नव्हतं तेच! "देवीच्या वाटेवरचा आहे का?" असं एका पार्टीने फोनवरूनच विचारलं. सर माझ्याशी गोड बोलायला लागलेत. नव्या माहितीपत्रकात वाटेचा फोटो आहे, चिमाकाकीसकट. काकी म्हणते, "मला इच्यारलानी काय? लुगडं तरी बरं नेसलं असतं."

सकाळी वाडीतल्या बायका त्याच वाटेने जाताना मला हाक मारतात. बरं वाटतं. खरंच बरं वाटतं.

मंगळवार, १७ मार्च

बाबांनी पुढचा खांदा सोडला. देवळात जाऊन सांगून आले, पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघा. सगळ्यांनी पाया पडून विनवलं, ज्याच्या खांद्यावर देवी बोलली त्यानेच सोडायचा? ऐकले नाहीत. त्या दिवशी गुडघे फार दुखावले असणार.

गुरुवार, १९ मार्च, पाडवा

गुढी उभी केली. बाबांना म्हटलं, पावसला डॉक्टरांना गुडघे दाखवू, पुढच्या शिमग्यापर्यंत बरे होतील.

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" म्हणाले. मग आई आत गेलीय ना बघून घेतलं, आणि हळू आवाजात —

"वढ हुती गो बाय. लॉनवर पाय ठेवला तवाच लागली. नारळाकडंच वढत हुती ती. मी तिला काचेकडं नेली. आता कुठल्या तोंडानं खांदा देऊ?"