सातव्या नगावर अंगठा फिरला नाही

सर, गराजच्या फळीवर माझ्या हातचं काय काय आहे ते आधी सांगतो. मेपलचं खोगीर. अक्रोडाची तुतारी, जिचं तोंड दोनदा फुटलं. पितळी तारांचा डमरू, ज्यात एकही तार वाकलेली नाही आणि तरी कंबर बारीक. चेरीच्या लाकडाची तीन वळणं, ज्यांची नावं तुम्ही सांगितलीत आणि मी मुद्दाम पाठ केली नाहीत. सातवा नग तुमच्या स्वतःच्या प्रमेयाचा. शिवाय एक पोळपाट, ज्याच्यावरून आपली ओळख झाली.

ॲन आर्बरमध्ये तुम्ही विद्यापीठात गणित शिकवायचात आणि आमच्याच रस्त्यावर राहायचात. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढतोय, गराजचं दार उघडं आहे, आणि तुम्ही सरळ आत शिरून पोळपाटावर डोळे मिटून अंगठा फिरवता. "हे सपाट नाही." ना हॅलो, ना काही. इंग्लंडची माणसं आधी हवामानावर बोलतात असं ऐकून होतो! पट्टी लावून पाहिली तर खालून उजेड दिसला. मी बायकोच्या व्हिसावर आलेला माणूस. काम करायची परवानगी नव्हती, तेव्हा लायब्ररीतली पुस्तकं आणून सुतारकाम शिकलो, एकट्यानं. चूक काढणारा माणूस मला आवडत नाही, आणि त्याचं बरोबर निघालं तर मुळीच नाही.

मग रीतच पडली. तुम्ही एखाद्या आकाराचं समीकरण समजावायचं, मी तो घडवायला लाकूड निवडायचं, आणि तुमचा अंगठा फिरल्याशिवाय पॉलिश लावायचं नाही. "पॉलिश डोळ्यांना फसवतं," म्हणायचात. खोगिरावर तिरकी पट्टी ठेवली आणि ती शेवटपर्यंत टेकली, तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे हसलात. त्या दिवशी ही म्हणाली, "अहो, या सरांना जेवायला थांबवा." तुम्ही थालीपीठ खाल्लंत आणि त्याची कड गोल नाही, हेही सांगितलंत.

आणि असा माणूस डीन होतो! मग थेट विद्यापीठाचा प्रेसिडेंट. सातवा नग घासून तयार होता, सर. तुम्ही म्हणालात, "गुरुवारी येतो." गुरुवारी तुमची मीटिंग, पुढच्या गुरुवारी देणगीदारांचं जेवण, त्यानंतर पार्किंग कमिटी. ज्याला वाकड्या जागेतली सरळ रेघ दिसायची, तो माणूस कुणाची गाडी कुठे लावायची यावर दुपारच्या दुपार घालवत होता. मी फोनवर चिडलो तर म्हणालात, "कुणीतरी करायलाच हवं." कुणीतरी म्हणजे तुम्हीच का? त्या खुर्चीत बसायला पुष्कळ होते हो. हा अंगठा कुणाकडे होता? मग तुमचं आजारपण, आणि मग तो गुरुवार राहिलाच.

परवा तुमच्या ऑफिसमधून आपल्याकडच्याच एक बाई आल्या. आता तिथे तुमचं मोठं तैलचित्र लागणार आहे आणि त्याखाली काचेच्या कपाटात हे सातही नग हवेत, चकचकीत लॅकर मारून. मी विचारलं, "हात लावता येईल ना लोकांना?" त्या हसल्या, "नो, नो, काका, ओन्ली डिस्प्ले." निघताना सहज म्हणाल्या, विद्यापीठाचं वर्कशॉप गावातल्या बिनपदवीच्या लोकांनाही खुलं व्हावं, म्हणून डीन झाल्याच्या पहिल्याच वर्षी तुम्ही सगळ्यांशी भांडला होतात. ज्या मोठ्या लेथवर माझी तुतारी तिसऱ्यांदा उतरली, ती त्याच वर्कशॉपमधली. हे तुम्ही मला एकदा सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? इतकी वर्षं मी तुम्हाला त्या खुर्चीवरून बोलत राहिलो. अजूनही बोलणार, ते सोडा. पण सांगायचंत.

ही म्हणते, "देऊन टाका की, नुसती धूळ खातायत." तिचंही चुकत नाही. तरी मी काल डोळे मिटून स्वतःचाच अंगठा सातव्या नगावर फिरवला. डाव्या खांद्यापाशी किंचित उंचवटा आहे. बारीक पॉलिश पेपरचे चार हात मारले तर जाईल. मला तो पहिल्यापासून माहीत आहे. तुम्ही येऊन "हे बरोबर नाही" म्हणावं, म्हणून ठेवलाय. हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं.

सातही नगांचे मिळून अठ्ठावीस हजार डॉलर देत होते. मी नाही म्हणून कळवलं.