एकशे त्रेचाळीस लाल रेघा

आदरणीय साडूबुवांस,

नमस्कार. तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? (घरी बसून जास्तच धरत असेल, तर पाठीशी उशी घेत जा.) मेहुणीबाई माझं नावही काढू देत नाहीत, असं आमच्या हिच्याकडून कळलं. बरोबरच आहे. मलाही माझा राग येतो, पण मला रोज त्याच माणसाला घेऊन कामावर जावं लागतं.

तुम्हाला का काढलं हे कुणी धड सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. साहेबांनी तुमची स्टाइलशीट (वेबसाइटच्या पानाचे रंग, मापं, रांगा ठरवणारी फाइल; हे मी तुम्हाला सांगतोय, हद्द झाली) मला तपासायला दिली. ऑफिसच्या एडिटरमध्ये, म्हणजे फाइली लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली, तर एकशे त्रेचाळीस ओळींखाली लाल रेघा. लाल रेघ म्हणजे चूक, एवढंच मला शाळेपासून कळतं. साहेबांनी विचारलं, "हे सगळं चुकलंय?" मी म्हणालो, "दिसतंय तरी तसंच." तीन शब्दांत तुमची चौदा वर्षं गेली, आणि या नोकरीला मला लावलं होतंत तुम्हीच.

मग तुमची खुर्ची मला मिळाली. (टेकलं की मागे जाते, जीव दचकतो.) मी नेटाने एकेक लाल ओळ पुसत गेलो. फाइल अगदी धुतल्यासारखी स्वच्छ झाली आणि तिच्यावर उभं असलेलं दातांच्या दवाखान्याचं पान पार कोसळलं. 'वेळ घ्या' हे बटण कवळीच्या फोटोखाली दडलं, डॉक्टरीणबाईंचं डोकं वरच्या पट्टीत अडकलं. काल सेटिंग्ज चाळताना एक चौकोन सापडला: स्टाइलशीटचे नवे नियम ओळखावेत का? चौकोन रिकामा. म्हणजे तुम्ही नव्या नियमांनी लिहीत होतात आणि आमचा एडिटर जुनेच धरून बसला होता. टिक केली आणि तुमची दुसरी एक फाइल उघडली. एकही रेघ नाही. साडूबुवा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मला फार लाज वाटते.

आपला,
तोंड दाखवायला न धजणारा साडू

ता. क. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. दोनदा केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलो.

ता. क. २. दवाखान्याच्या फाइलीची प्रत तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर असेलच. सोमवारी डॉक्टरीणबाई पान बघायला येणार आहेत. तेवढी पाठवा.

ता. क. ३. फाइलीच्या पहिल्या ओळीत तुमचं नाव असतं. ते काढून पाठवा. मीच काढलं असतं, पण तुमचं काहीही पुसायचं नाही, अशी मी आता शपथ घेतलीय.