तीनशे पंचवीस निळ्या फरश्या

४ मार्च
शाळेच्या पाडलेल्या खोलीतल्या निळ्या फरश्या धुऊन मोजल्या. दादा म्हणाला ३२४. मी म्हटलं, परत मोज. ३२५च! अशा फरश्या आता कुणी बनवत नाही. एकही फुटता कामा नये.

आर्किटेक्टचा नकाशा — नव्या वाचनालयाच्या मधोमध अठरा बाय अठराचा चौरस. एक फरशी उरते.

५ मार्च
मुख्याध्यापिका आल्या. "छोट्यांच्या वर्गातही निळा चौरस हवा हं." आर्किटेक्ट म्हणाला, "मग मोठा चौरस लहान करा, उरतील त्या कापून दुसऱ्यात बसवा." कापल्या की तडकतात त्या! दादानं मान डोलावली. तो मिस्त्री, मोठा भाऊ. मी सातवीतून शाळा सोडली तेव्हापासून, पस्तीस वर्षं, त्याच्या हाताखाली राबतेय. पण डोक्यात किडा वळवळतोय.

६ मार्च
सापडलं! सतरा बाय सतरा, २८९. उरल्या ३६ — सहा बाय सहा! दोन चौरस, एकही न कापता.

जेवताना आणखी एक. पंधरा बाय पंधरा २२५, दहा बाय दहा १००. ताट तसंच राहिलं. आणि आर्किटेक्टची ती अठराची — उरलेली एक फरशी म्हणजेही एकचा चौरसच की! म्हणजे तीन तऱ्हा.

७ मार्च
आर्किटेक्टनं मोबाइलवर दोनदा हिशेब केला. "हं." एवढंच. पण नकाशा बदलला! पंधरा आणि दहा.

गणिताच्या बाई बघायला आल्या. म्हणाल्या, "अशी तीन तऱ्हांनी दोन चौरसांत बसणारी याहून लहान संख्या नाही म्हणतात." म्हणतात म्हणजे? बघायलाच हवं.

११ मार्च
बघितलं. चार दिवस, दुपारच्या सुट्टीत, सिमेंटच्या रिकाम्या पोत्याच्या कागदावर. एकपासून सतरापर्यंतचे वर्ग, प्रत्येकाची प्रत्येकाशी बेरीज. ५० दोनदा येतात. ६५ दोनदा. ८५, १२५, १४५ — दोनदाच! तीनदा कुणीही नाही. ३२५ पहिलीच.

बाईंना कागद दाखवला. "कुणी शिकवलं?" म्हटलं, कुणी नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले. साइटवर मला कुणी कधी खुर्ची दिली नव्हती.

१२ मार्च
बाईंनी नवीन सांगितलं — एक ते पंचवीस बेरीज केली तरी ३२५! बसवण्याआधी फरश्यांचा त्रिकोण मांडून बघितला. खाली पंचवीस, वर चोवीस, टोकाला एक. दादा म्हणाला, "खेळतेस काय?" हो, खेळते!

१९ मार्च
दोन्ही चौरस बसले. सांधे सरळ, दोरी लावून बघा कुणीही. गुडघे बोलतायत. बोलू देत.

२३ मार्च
उद्घाटन. मुख्याध्यापिकांनी मला पुढे बोलावलं, सगळ्या शाळेसमोर. "हा हिशेब ताईंचा." टाळ्या! आर्किटेक्टसुद्धा वाजवत होता. एका चिमुरडीनं विचारलं, "चार तऱ्हांची कुठली?" म्हटलं, माहीत नाही, शोधू या.
दादा मागच्या रांगेतून कधी निघून गेला कळलं नाही.

२४ मार्च
सकाळी दादा आला. बसला नाही. उंबऱ्यातूनच बोलला.
"तू शाळा सोडलीस ना, तेव्हा तुझे गणिताचे गुरुजी घरी आले होते. दोनदा. तिला परत पाठवा म्हणाले, मी शिकवतो. मी तुला सांगितलं नाही. मला हाताखाली माणूस हवं होतं."

मी विचारलं, आणखी काय म्हणाले?

"म्हणाले, अशी पोरगी मी अजून पाहिली नाही."