लोसानाच्या गालावरची पट्टी

४ ऑगस्ट
चिकटपट्टीबरोबर कातडीही आली. श्वासाची नळी जागेवर राहावी म्हणून माझ्या बाळाच्या, लोसानाच्या गालाला लावलेली पट्टी. आता तिथे ओली, लालभडक खूण — आणि गाल तरी केवढा तो! बदलीवर आलेल्या नर्सचा चेहरा उतरला. "हळूच ओढली होती मी." तिच्यावर ओरडायचं होतं. जमलं नाही.

५ ऑगस्ट
जखमेतून जंतू आत शिरले तर — दिवसभर हेच. नवऱ्याला, सेमीला, कांदावू बेटावर फोन केला. वाऱ्यामुळे बोट सुटत नाहीये. "कातडी काय, येते गं परत," म्हणाला. दिवस भरायच्या किती आधी आलंय आपलं बाळ, ओल्या कागदासारखी कातडी आहे तिची — त्याला कसं सांगू?

६ ऑगस्ट
सेमीची आई आली. पहिलं नातवंड झाल्यापासून सगळे तिला बुबूच म्हणतात, आजी. पिशवीत उकडलेला कसावा आणि खोबरेलाची बाटली.
सिस्टर वासितीने बाटली अडवली. "नको बुबू. तेलाच्या अंगाला पट्टी धरत नाही. नळी निसटेल."
"तुझ्या आईने तुला ह्याच तेलात घोळवलं असेल."
"म्हणून तर कुणाच्या हाती लागत नाही मी."
तिघी हसलो. मग लोसानाच्या काचेच्या पेटीकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं.

७ ऑगस्ट
वासितीने पट्टी बदलली. ओल्या कापसाने भिजवत, एका बोटाने कातडी दाबून धरत, पट्टी मागे दुमडत नेली. खूप वेळ लागला. मग गालावर जेलीसारखा पातळ पापुद्रा आणि नवी पट्टी त्याच्यावर, म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही. पट्टीही आधीपेक्षा कमी.
"एवढीशी पुरेल?"
"पुरायला हवी."
पुरेल म्हणाली नाही.

८ ऑगस्ट
जास्त लावली तर गाल जातो. कमी लावली तर श्वास.

१० ऑगस्ट
जखम सुकतेय, कडेने गुलाबी. पण पट्टीचा कोपरा उचललाय. वासितीला दाखवला. "बघितलाय मी. लक्ष आहे." माझे डोळे तिथून हलत नाहीत.

११ ऑगस्ट
लोसानाने स्वतःच नळी उपसली. गजर, धावपळ. मला बाहेर काढलं. दाराशी बुबूचा हात घट्ट धरून उभी होते. आतून बारीकसं रडू आलं.
"कुणाचं गं हे?" बुबूने विचारलं.
मलाही कळेना. नळीमुळे तिचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता.
वासिती दारात आली. "तुमचीच आहे. श्वास घेतेय. नळी परत घालत नाही आम्ही."