मूलबंध, रोज दहा वेळा

३ मार्च, सकाळी ७
कन्या दहा आठवड्यांची झाली. बायकोला आता व्यायाम सुरू करायचाय. योगाच्या बाईंनी कागद लिहून दिलाय: दीर्घ श्वसन, पाठीचा एक प्रकार आणि ‘मूलबंध, रोज दहा वेळा’. हिच्या तब्येतीची जबाबदारी मी घेतली. कागद फ्रिजवर लावला.

४ मार्च
मूलबंध म्हणजे मूल अंगाशी बांधणे. उघड आहे. हिला इतक्यात ओझं नको, म्हणून तो प्रकार माझ्याकडे. ओढणीने कन्येला छातीशी बांधून जिना दहा वेळा चढलो-उतरलो. सासूबाई बघतच राहिल्या. कौतुकाने असावं.

७ मार्च
ही हसत नाही. पूर्वी माझ्या विनोदांवर लोळायची. आता ओठ मिटून, पाय जुळवून बसते आणि उठून बाथरूममध्ये जाते. तिच्या हसण्यावरच तर मी भाळलो होतो. घर सुनं वाटतं. विनोदाचा दर्जा वाढवायला हवा.

१२ मार्च
नऊ नवे किस्से वहीत उतरवले. जुन्यांपैकी तीन सांगून पाहिले. तिन्ही वेळा बाथरूम. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, जरा गप्प बसता का? त्यांना विनोदाचं अंग नाही.
पाठ किंचित धरलीय. मूलबंध लागू पडत असणार.

१५ मार्च, क्लासहून आल्यावर
बाईंनी हिला विचारलं, मूलबंध होतोय ना? मीच सांगितलं: रोज दहा, जिन्यावर, ओढणीने. क्लासमधल्या सगळ्या आया माझ्याकडे बघू लागल्या. बाईंनी समजावलं. मूल म्हणजे मूळ. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत ओढून धरायचे. बाळंतपणात ते सैल पडतात, मग शिंकताना, हसताना लघवी सुटते.
रस्त्यात ही म्हणाली, तुला सांगायची लाज वाटत होती. वाईट वाटलं.
म्हणजे विनोदात खोट नव्हती.
ही बरी होईपर्यंत विनोद बंद.

२ एप्रिल
विनोदबंदीचा अठरावा दिवस. ही मूलबंध करते, मी मोजतो. सासूबाई म्हणाल्या, घरात हल्ली किती शांत वाटतं. उपरोध असावा.

२४ मे, सकाळी ११ (पडून)
पाठीचा प्रकार किती सोपा आहे ते हिला दाखवायला वाकलो आणि तसाच अडकलो. यात हसण्यासारखं काही नाही, असं जमिनीकडे बघत सांगितलं. त्यावर ही पोट धरून हसली. चांगली पाच मिनिटं. मग एक थेंबही नाही, असं अभिमानाने जाहीर केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीमुळे.
हिने आणि सासूबाईंनी मला पलंगावर आणून टाकलं. म्हटलं, आता बरी झालीस, वहीतला पहिला किस्सा ऐक.
ही उठली, बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.